सेरंगून स्टेशनवरचा घोडा

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. लिहिणाऱ्याची शाळा नववीत सुटली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ जिथे चुकले असतील तिथे वाचणाऱ्यांनी मनातल्या मनात दुरुस्त करून घ्यावेत. शब्द साधे वाटले तर ते साधेच आहेत. भारी शब्द ज्या वर्षी शिकवतात, त्या वर्षी हा माणूस भांडुपला फोटोफ्रेमच्या दुकानात काचा पुसत होता. गोष्ट प्रबोधची आहे. लिहिणारा प्रबोधला अगदी जवळून ओळखतो. किती जवळून, ते विचारू नये, तो लाजतो.

तर २००७ सालच्या गणपतीतली ही हकीकत. प्रबोध आणि त्याची बायको ऋता तेव्हा सिंगापूरला, पुंगोलमध्ये नवव्या मजल्यावर राहत होते. ऋता एम.बी.ए., रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत. तिच्या तिथे राहण्याच्या पासवर तिच्या कंपनीचं नाव होतं आणि प्रबोधच्या पासवर 'डिपेंडंट'. म्हणजे अवलंबून असलेला. (इंग्रजीत वाचलं की जरा बरं वाटतं.) एम.बी.ए. आणि नववी यांचं जमलं कसं, याची चौकशी सिंगापूरच्या मराठी मंडळींनी पहिलं वर्षभर केली आणि मग नाद सोडला. तिथल्या मराठी मंडळात त्याला 'ऋताचे मिस्टर' म्हणत. नाव कुणी विचारत नसे आणि तोही आपण होऊन सांगत नसे. कार्यक्रम झाला की खुर्च्या एकात एक घालायच्या, एवढंच तो मंडळासाठी करी, आणि तेही कुणी बघत नसताना.

त्यातच त्या दोघांचा पी.आर.चा अर्ज आत गेला होता. पी.आर. म्हणजे कायमचं राहायची परवानगी. ती मिळाली की प्रबोधला स्वतःचं फ्रेमचं काम सुरू करता येणार होतं, पासवरचा तो शब्द जाणार होता. त्यामुळे ऋताने घरात कायदा केला होता.

"उत्तर येईपर्यंत आपल्या नावावर एक ठिपका लागता कामा नये. हिरवा माणूस दिसल्याशिवाय रस्ता ओलांडायचा नाही. गाडीत खायचं नाही, प्यायचं नाही."

"आवंढा गिळला तर चालेल का?" प्रबोधने विचारलं होतं. त्याने खरंच विचारलं होतं. ऋताला वाटलं तो चेष्टा करतोय.

अशा दिवसांत चंद्रशेखर सरांचा फोन आला. सर बुकित तिमाहला राहणारे, मोठ्या कंपन्यांचे हिशेब तपासणारे, मूळचे पुण्याचे. मंडळाच्या गणपतीत मुलांचं नाटक दर वर्षी तेच बसवत. या वर्षी 'झाशीची राणी' होतं आणि राणी होती सरांची मुलगी अवनी, वय वर्षं आठ.

"प्रबोध ना?" सर म्हणाले. (नाव घेतलं! प्रबोध उभाच राहिला.) "तू म्हणे लाकडाचं काम करतोस."

"करायचो, सर."

"मग आमचा घोडा करशील का?"

प्रबोधने फोन या कानावरून त्या कानावर घेतला. "घोडा?"

"अरे, शेवटच्या प्रवेशात राणीकडे घोडा नको? त्याच्याशिवाय राणी कसली!"

"नाही... म्हणजे हो, सर."

"लाकडाचाच कर. काळा रंग दे. तोंड तेवढं रेखीव झालं पाहिजे, मागे नुसता दांडा असला तरी चालेल. लांबून बघणाऱ्याला खरा वाटला की झालं."

"अवनीला पेलेल ना?"

"न पेलायला काय झालं? हलका कर. पण मजबूत कर हं. शेवटी ती तटावरून घोडा उडवते, तेव्हा मोडला तर हसं होईल."

"आणि आवाज?"

"आवाजाचं मी बघतो. टेपवर घेतलाय."

फोन ठेवला आणि प्रबोध बराच वेळ घरातल्या घरात चालत राहिला. आता पुण्याच्या माणसाला घोडा म्हटलं की चार पायांचा, शेपटीचा, हरभरे खाणारा प्राणी दिसतो. भांडुपला प्रबोध ज्या गल्लीत वाढला तिथे कुणी हरभरे खाणारा घोडा पाहिला नव्हता. तिथली मोठी पोरं हळू आवाजात 'त्याच्याकडे घोडा आहे' म्हणायची, तेव्हा त्या 'त्या'च्या शर्टाखाली कमरेला काहीतरी खोचलेलं असायचं. शिवाय राणीची लढाई इंग्रजांशी. इंग्रज आले म्हणजे पिस्तुलं आली. राणी तटावर उभी राहून एक बार उडवते, टेपवर 'ठो' होतं, पडदा. प्रबोधला तो प्रवेश डोळ्यांसमोर दिसला आणि फार आवडला.

संध्याकाळी त्याने ऋताला सांगितलं.

"सरांनी मला घोडा करायला सांगितलाय."

"अय्या, हो? कर ना! मुलं किती खूश होतील. मला दाखव."

"झाला की दाखवतो."

ऋताही पुण्याची, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

खाली कुणीतरी टाकून दिलेल्या कपाटाची फळी त्याने वर आणली आणि ऋता कामावर गेली की तो बाल्कनीत बसायचा. खूप महिन्यांनी हाताला लाकूड लागलं होतं. त्याने नळी गोल केली, मूठ अवनीच्या हाताच्या मापाची केली, कडा घासून घासून अशा केल्या की पोरीच्या हातात कूस घुसू नये. घोड्याला बोटाने दाबायचा छोटा घोडाही केला, आणि तो स्प्रिंगवर मागेपुढे व्हायचा. काळा रंग देऊन वाळत ठेवला आणि लांब उभं राहून पाहिलं, तेव्हा प्रबोधचे स्वतःचेच हात वर जायला लागले. इतकं ते खरं झालं होतं.

आणि तिथेच तो अडला. हे पुंगोलहून लिटल इंडियाजवळच्या हॉलवर न्यायचं कसं? बेवारस पिशवी दिसली तर आम्हाला कळवा, असं गाडीत दिवसभर सांगणारा हा देश. इथे बंदूक म्हटलं की माणसं फाशीपर्यंतचं बोलतात. पिशवीत घालावं तर पिशवी उघडायला लावतील. शर्टाखाली खोचावं तर भांडुपचा 'तो' आणि आपण यांत फरक काय राहिला? त्याने पिस्तूल कपाटावर ठेवलं, मग कपाटात ठेवलं, मग पिठाच्या डब्यात. जेवताना त्याचं लक्ष सगळं त्या डब्याकडे. ऋता म्हणाली, "इतकं काय रे बघतोयस?" तर म्हणाला, "पीठ संपत आलंय." तिने उठून पाहिलं असतं तर पीठ आणि पी.आर. दोन्ही संपलं असतं.

शेवटी त्याने त्याच मजल्यावरच्या हेमचंद्रला गाठलं. हेमचंद्र वन-नॉर्थ नावाच्या भागात सॉफ्टवेअरमध्ये होता आणि त्याआधी टेक्ससला राहून आला होता. कोणताही विषय टेक्ससपर्यंत नेण्यात त्याचा हातखंडा होता. त्याला लिफ्टपाशी गाठून प्रबोध हळूच म्हणाला, "समजा, एखाद्याला पिस्तूल घेऊन बाहेर जायचं असलं..."

दुसरा कुणी असता तर दचकला असता. हेमचंद्रचा चेहरा उजळला.

"हे बघ, सगळ्यात आधी, लपवायचं नाही. लपवलंस की संपलास. तिकडे शेजारच्या राज्यात काही काही माणसं उघड कमरेला लावून कॉफी प्यायला येतात. दिसलं की समोरचा निश्चिंत."

"निश्चिंत?"

"कुठे आहे ते कळतं ना त्याला! पण रीत असते हां. सारखा हात लावायचा नाही. चाचपत बसणारा माणूस वाईट दिसतो. हॉटेलात टेबलावर काढून ठेवायचं नाही, ते उद्धटपणाचं. हसतमुख राहायचं."

"आणि तोंड कुठे करायचं?"

"सांगतोय काय मग? तोंड हसरं."

"पिस्तुलाचं."

"हां. खाली. माणसाकडे कधी म्हणजे कधी नाही. रिकामं असलं तरी भरलेलंच समजायचं. बोट घोड्याच्या बाहेर."

"खेळण्यातलं असलं तर?"

"टोकाला नारिंगी रंग. लांबून कळतं."

"पोलीस भेटला तर?"

"आपण होऊन सांगायचं! दोन्ही हात दिसतील असे वर, घाई नाही, गडबड नाही. 'सर, आय हॅव अ गन.' सांगणारा माणूस त्यांना फार आवडतो."

लिफ्ट आली. हेमचंद्र आत गेला आणि दार बंद होईपर्यंत टेक्ससच्या मांसाच्या तुकड्यांची मापं हाताने दाखवत राहिला. हे सगळं सिंगापूरला लागू आहे का, एवढंच विचारायचं राहून गेलं.

नाटकाच्या दिवशी ऋता मुलांना रंगवायला दुपारीच हॉलवर गेली. प्रबोधने मखराच्या उरलेल्या शेंदरी रंगात पिस्तुलाचं टोक बुडवलं (त्यामुळे त्याची कुणीतरी नुकतीच पूजा केली आहे असं दिसायला लागलं), रंग वाळल्यावर इस्त्रीचा शर्ट आत खोचला, पिस्तूल पट्ट्यात उघडं लावलं आणि हसतमुख होऊन निघाला.

कपाटाची फळी जड होती. लिफ्टमधून उतरेपर्यंत पँट दोन बोटं खाली आली, रस्त्यापर्यंत चार. हात तर लावायचा नाही. तो पोट फुगवून चालला. मोठ्या स्टेशनला नेणाऱ्या छोट्या गाडीच्या फलाटावर पोचेपर्यंत श्वास संपला, पोट आत गेलं, आणि पिस्तूल सरळ पँटच्या पायात उतरलं. ते बाहेर काढण्याचा प्रकार इथे लिहिण्यासारखा नाही. एक शाळेतली मुलगी ते पाहून फलाटाच्या दुसऱ्या टोकाला गेली. त्याने ठरवलं, आता हातात धरणंच सभ्य.

हातात धरलं तर गाडीत तोंड कुठे करायचं? खाली केलं, तर खाली बाबागाडीत एक बाळ झोपलेलं. वर केलं, तर वर कॅमेरा. डावीकडे म्हातारे गृहस्थ, उजवीकडे दोन कॉलेजची पोरं. पुंगोल स्टेशनला मोठी गाडी पकडली, तर तिथे सगळ्याच बाजूंना माणसं. रिकामं असलं तरी भरलेलंच समजायचं! प्रबोधला घाम फुटला. तो जागा बदलत राहिला, दाराशी गेला, खांबाशी आला, परत दाराशी. शेवटी त्याने विचार केला की या डब्यात ज्याच्याकडे तोंड केलं तर कुणाची तक्रार येणार नाही असा एकच माणूस आहे. मग त्याने पिस्तुलाचं तोंड स्वतःच्या पोटाकडे केलं आणि हसला.

समोर एक चिनी आजीबाई बसल्या होत्या. मांडीवर भाजीची पिशवी. त्यांनी पिस्तूल पाहिलं, त्याचं हसू पाहिलं, आणि त्यांचा चेहरा अगदी कळवळला.

"बॉय," त्या हळूच म्हणाल्या, "वाइफ स्कोल्ड यू, ईज इट?"

प्रबोधला खोटं बोलता येत नाही. "समटाइम, आंटी."

"नो जॉब आ?"

"नो जॉब."

"नो मनी?"

"वाइफ हॅज."

आजीबाईंनी मान हलवली. पिशवीतून एक हिरवा केक काढून त्याच्या हातावर ठेवला आणि त्याचा हात थोपटला. "यू यंग, लाह. लाइफ लाँग, लाह. ईट. आउटसाइड ईट." (तिथलं 'लाह' म्हणजे आपलं 'रे' किंवा 'गं'.) प्रबोधने केक खिशात ठेवला. परक्या देशात आपली इतकी चौकशी कुणी केली नव्हती, म्हणून त्याचे डोळे भरून आले. ते पाहून आजीबाई हौगांगला उतरल्या त्या धावतच.

सेरंगून स्टेशनला दारं उघडली तेव्हा बाहेर दोन पोलीस उभे होते, कमरेला खरी पिस्तुलं. आणि हेमचंद्रने सांगितलं होतं तसंच होतं! उघड, कमरेला, चेहऱ्यावर शांती. फक्त त्यांच्या पँटी खाली येत नव्हत्या. प्रबोधला सगळं आठवलं. त्याने पिस्तूल अलगद सीटवर ठेवलं, दोन्ही हात वर केले, आणि डब्यातल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "सर! आय हॅव अ गन!"

जन्मात पहिल्यांदा तो चारचौघांत इतक्या मोठ्याने बोलला होता. डबा रिकामा व्हायला वेळ लागला नाही. एक बाबागाडी होती, तीसुद्धा कुणीतरी उचलून नेली.

पुढचा प्रसंग स्टेशनच्या एका छोट्या खोलीत. टेबलावर पिस्तूल. टेबलामागे सार्जंट हमीद, शेजारी एक तरुण शिपाई. लाकूड आहे हे त्यांना हातात घेताक्षणीच कळलं होतं, पण चौकशी तर करायलाच हवी. प्रबोधने पास दाखवला. 'डिपेंडंट' वाचून सार्जंटने एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"सर, माय पी.आर...."

"फर्स्ट धिस," सार्जंट म्हणाला. "हू आस्क यू टू ब्रिंग?"

प्रबोधने चंद्रशेखर सरांचा नंबर दिला. सार्जंटने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून ढोलकीचा आणि रडणाऱ्या एका मावळ्याचा आवाज येत होता. (झाशीत मावळे नव्हते. पण मंडळाकडे मावळ्यांचे कपडे होते.)

"मिस्टर चंद्रशेखर? डिड यू आस्क धिस मॅन टू ब्रिंग अ गन?"

"गन? व्हॉट गन? नो, नो, नो! आय टोल्ड हिम टू ब्रिंग अ हॉर्स!"

सार्जंटने फोनकडे पाहिलं. मग प्रबोधकडे.

"ही सेज हॉर्स."

"येस, सर." प्रबोधने पिस्तुलाकडे आख्खा पंजा केला, बोट दाखवणं बरं नाही म्हणून. "धिस इज द हॉर्स."

"धिस. इज हॉर्स."

"येस, सर. इन भांडुप."

सार्जंटने पिस्तूल उचललं, आडवं धरलं, उभं धरलं. तरुण शिपाई खिडकीकडे वळला आणि त्याचे खांदे हलायला लागले.

"अँड व्हाय द हॉर्स माउथ ऑरेंज?"

"सेफ्टी, सर."

शिपाई खोलीबाहेर गेला.

"प्रबोध!" फोनमधून सर ओरडले, आता मराठीत. "अरे, घोडा म्हणजे घोडा! चार पायांचा!"

"तुम्ही दांडा म्हणालात, सर."

"पोरं दांड्यावर बसून पळतात तो घोडा! पुढे तोंड, मागे दांडा!"

"मग तटावरून उडवते ते?"

"घोडा उडवते! उडी मारते! घोड्यासकट!"

"आणि टेपवर 'ठो'..."

"टापा आहेत टेपवर! टापा!"

मग फोनची ओढाओढ झाली आणि ऋताचा आवाज आला. तो मोठा नव्हता. त्याचीच प्रबोधला जास्त भीती वाटली.

"प्रबोध, कुठे आहेस तू?"

"सेरंगूनला. पोलिसांकडे."

"तू मला घोडा म्हणाला होतास."

"घोडाच आहे गं."

मग ती म्हणाली, "अर्ज आपल्या दोघांच्या नावावर आहे, प्रबोध," आणि तिचा आवाज ओला झाला. इतका वेळ पोलिसांपुढे न घाबरलेला प्रबोध तेव्हा घाबरला. पिस्तुलाचं जे व्हायचं ते होवो. पण ही बाई रोज सकाळी त्या चेंगरलेल्या गाडीने जाते, आणि 'घोडा' या एका शब्दापायी आपण तिचं सगळं घालवतोय.

"सर," तो सार्जंटला म्हणाला, "राइट माय नेम ओन्ली. नॉट वाइफ. शी इज नॉट डिपेंडंट."

सार्जंट हमीदने वही पुढ्यात ओढली. पेन उघडलं. बराच वेळ ते कागदावर टेकवून बसला.

"व्हॉट आय राइट?" तो अखेर म्हणाला. "मॅन ब्रिंग राँग हॉर्स? माय बॉस रीड, आय डाय, लाह."

त्याने पेन बंद केलं. पिस्तूल मात्र परत दिलं नाही. "धिस हॉर्स स्टे हिअर," म्हणाला. आणि दारापर्यंत सोडायला आला तेव्हा प्रबोधच्या खांद्यावर हात ठेवून अगदी वडीलधाऱ्यासारखं सांगितलं, की यापुढे कोणत्याही वस्तूबद्दल जरा जरी शंका आली तरी आधी येऊन विचारायचं. तुझ्या घराखाली पोलीस पोस्ट आहे ना? विचारायला पैसे पडत नाहीत. एनीथिंग. आस्क फर्स्ट.

"येस, सर. आस्क फर्स्ट," प्रबोध म्हणाला, आणि ते त्याने मनावर कोरून घेतलं.

हॉलवर पोचला तेव्हा तिसरा प्रवेश संपत आला होता. विंगेत चंद्रशेखर सर एका झाडूला कान चिकटवायच्या खटपटीत होते. कान पडत होते. राणीच्या पोशाखात अवनी कमरेवर हात ठेवून उभी.

"अंकल, माय हॉर्स व्हेअर?"

सर नुसते बघत राहिले. ऋताही बघत होती, हातात कुंकवाचा ब्रश. प्रबोधला जमिनीत जावंसं वाटलं. जमिनीत जाता येत नाही, म्हणून निदान जमिनीवर तरी जावं, असं त्याच्या मनात आलं असावं. त्याने बूट काढले, कुणाची तरी काळी शाल अंगावर ओढली आणि हातापायांवर उभा राहिला.

"अंकल, यू द हॉर्स आ?"

"हो."

"हॉर्स कॅनॉट से 'हो', लाह!" अवनी म्हणाली आणि टांग टाकून बसली.

जो माणूस खुर्च्यासुद्धा कुणी बघत नसताना उचलायचा, तो भरल्या हॉलपुढे चौखूर गेला. टेपवर टापा सुरू झाल्या. त्या फार वेगात होत्या, आणि प्रबोधला त्यांच्याबरोबर पळावं लागलं. सारंग नावाचा एक इंग्रज आडवा आला, त्याला राणीने कापलं. मग तट. तट म्हणजे आडवा ठेवलेला एक बुटका बाक. राणीने टाचा मारल्या (तिला काही सांगावं लागत नव्हतं), कानात ओरडली, "जम्प, अंकल!" आणि प्रबोधने डोळे मिटून उडी मारली. राणी सुखरूप उतरली. घोडा गुडघ्यावर उतरला. टाळ्या एवढ्या पडल्या की पडदा पुन्हा उघडावा लागला, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "घोडा कोण आहे हो?" तर अर्धा हॉल एकदम म्हणाला, "ऋताचे मिस्टर!"

परतताना गाडीत ऋता सेरंगूनपर्यंत गप्प होती. स्टेशनचं नाव आलं तशी तिने तोंडावर ओढणी धरली. प्रबोधला वाटलं रडतेय. तर ती हसत होती. हसता हसता तिने त्याच्या गुडघ्यावर रुमाल बांधला आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "पण आता पी.आर. येईपर्यंत एक वस्तू विचारल्याशिवाय बाहेर न्यायची नाही. शपथ आहे."

"सार्जंटपण हेच म्हणाले," प्रबोध म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋता कामावर जाताना सांगून गेली, "संध्याकाळी सर आणि सगळे येताहेत, मोदक करू. नारळ खवून ठेव." प्रबोधने ओट्याखालून विळी काढली. सासूबाईंनी पुण्याहून येताना साड्यांत गुंडाळून आणली होती. त्याने पातं उभं केलं आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. हातभर लांब. वाकडी. धार अशी, की नुसतं बघून बोट मागे घ्यावं. टोकाला वर दातेरी चकती. आणि ही वस्तू या देशात आणताना कुणी कुणाला विचारलं होतं? कुणीच नाही.

तो स्वयंपाकघरात दोनदा फिरला. बसला. उठला. मग विळी काखेला मारून लिफ्टने खाली गेला. लपवली नाही. वाटेत दोन माणसं बाजूला झाली, त्यांना तो हसला.

पोलीस पोस्टमध्ये काउंटरमागे एक तरुण पोलीस बाई बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, आणि त्यांची खुर्ची आपोआप मागे सरकली.

"गुड मॉर्निंग, मॅडम," प्रबोध म्हणाला. "नॉट गन. आस्क फर्स्ट."

"व्हॉट... व्हॉट इज दॅट फॉर?"

खवण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते नववीपर्यंत शिकवत नाहीत. प्रबोधने थोडा विचार केला, काउंटरसमोर जमिनीवर विळीचा पाट टेकवला, त्यावर बूड टेकून बसला, आणि बाई घाईघाईने फोन फिरवत असताना खटकन पातं उघडलं. नारळ त्याने बरोबर आणला होता. तेवढी अक्कल त्याला होती.